रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आईला होतंय ते काय?

प्रश्न असा आहे: "माझी आई 51 वर्षांची. गेलं दीड वर्ष तिला अचानक छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, हातांना मुंग्या येतात, मान धरते, पोटात गोळा उठतो. चार डॉक्टर झाले. ईसीजी, टू-डी इको, एंडोस्कोपी, मेंदूचा एमआरआय, सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, काही नाही, मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका. तेव्हापासून आई म्हणते, म्हणजे मी नाटकं करते का? घरात तसं टेन्शनचं काही नाही. वडील रिटायर झाले, बहिणीचं लग्न झालं, मी पुण्याला नोकरीला आहे. फॅमिली डॉक्टर अशा पेशंटकडे कसं बघतो आणि नेमकं काय करतो?"

तुमच्या प्रश्नाआधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही, त्या नाटकं करत नाहीत. मी तासगाव भागात 31 वर्षं प्रॅक्टिस करतोय. आजार नसताना आजाराचं सोंग घेणारे पेशंट मला एवढ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच भेटले, आणि त्यांनाही बहुतेकदा रजेचं सर्टिफिकेट हवं होतं. दीड वर्ष मुंग्या येतात म्हणून रडणारी बाई त्यात बसत नाही.

'मनाचं आहे' या शब्दांनी फार नुकसान केलंय. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ 'खोटं आहे' असाच लागतो. प्रत्यक्षात आईंना होतं ते सगळं शरीरातच होतं, आणि ते मोजता येतं. भीती वाटली की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात आणि नाडी सत्तरची एकशेवीस होते. श्वास उथळ आणि भरभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्ताचा समतोल हलतो, कॅल्शियमचा मोकळा भाग कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. कधी कधी बोटं आखडून हात चोचीसारखा होतो. डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. मानेचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात, रात्री ते दुखणारच. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते, तिथून तो गोळा उठतो. यातली एकही गोष्ट काल्पनिक नाही.

दुःखानं हृदयाचा आकार बदलतो हेसुद्धा आता सिद्ध झालंय. जपानी डॉक्टरांनी 1990च्या सुमाराला याचं वर्णन केलं. मोठा धक्का बसल्यावर डाव्या कप्प्याचं टोक फुगतं आणि तो ऑक्टोपस पकडायच्या तिकडच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव ताकोत्सुबो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. छातीत दुखतं, ईसीजी बदलतो, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या असतात. अशा बाईला 'मनाचं आहे' म्हणून घरी पाठवायची कुणाची हिंमत होईल?

आता तुमचा प्रश्न. माझं एकच म्हणणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे. आपल्याकडे चूक क्रमात होते. आधी शरीराच्या सगळ्या तपासण्या करायच्या, त्यात काही सापडलं नाही की उरलेलं सगळं मनाच्या खात्यावर टाकायचं. वजाबाकी करून जे शिल्लक राहतं त्याला आपण 'टेन्शन' म्हणतो. पेशंटलाही ते शिल्लक माल दिल्यासारखंच वाटतं. मी पहिल्याच भेटीत दोन्हीकडे बघतो. गुडघा दुखतोय म्हणून आलेल्यालाही झोप कशी आहे, घरी कोण असतं, सध्या काय चाललंय, हे विचारतो. आणि रडत आलेल्याचंही बीपी घेतो, पोट तपासतो, डोळ्यांची पापणी ओढून रक्त बघतो. प्रश्न पहिल्या दिवशीच विचारले की त्यांचा आळ वाटत नाही. चौथ्या डॉक्टरनं, एमआरआय नॉर्मल आल्यावर विचारले, की तेच प्रश्न आरोप होतात.

हे मला कॉलेजनं शिकवलं नाही. आमच्या वेळी मानसोपचाराची पोस्टिंग दोन आठवड्यांची होती आणि त्यात फक्त वॉर्डातले गंभीर आजारी पाहिले. अमेरिकेतल्या जॉर्ज एंगेल यांनी 1977 साली मांडलं होतं की शरीर, मन आणि माणसाचा भोवताल, हे तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय आजार कळत नाही. त्याही आधी, 1950च्या दशकात, लंडनमध्ये मायकेल बॅलिंट या मनोविश्लेषकानं फॅमिली डॉक्टरांना एकत्र बसवून त्यांच्या अवघड केसेसवर चर्चा सुरू केल्या. त्याला दिसलं की जनरल प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर, आणि त्या औषधाचा डोस, वेळ, दुष्परिणाम कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाहीत. मी हे वाचलं तेव्हा प्रॅक्टिसला नऊ वर्षं झाली होती. त्या रात्री मी दिवसभराचे केसपेपर पुन्हा काढून बसलो.

अमेरिकेत 1984 साली डॉक्टर-पेशंटची बोलणी रेकॉर्ड करून तपासली, तेव्हा पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो असं दिसलं. माझ्या ओपीडीत मी स्वतःकडे लक्ष दिलं तर मी त्याहूनही घाईत होतो. मग एक नियम केला. पेशंट बसला की पेन खाली ठेवायचं आणि त्याचं पहिलं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. माझा अनुभव असा की माणसं दीड-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. मग फक्त 'आणखी काही?' एवढं विचारायचं. नाहीतर खरी गोष्ट कळते ती माणूस उठून चप्पल घालताना, पडद्याला हात लावून: "डॉक्टर, अजून एक होतं…" त्या क्षणी बाहेर कितीही गर्दी असली तरी मी त्याला परत खुर्चीत बसवतो.

भाषेकडेही लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडे 'मला उदास वाटतं' असं म्हणत कुणी दवाखान्यात येत नाही. येतात ते 'अंगात कणकण आहे', 'हातपाय गळून जातात', 'डोकं जड झालंय', 'गॅस डोक्यात चढतो', 'गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं होतं', 'कसंतरीच होतं' म्हणत. चक्कर आली की 'बीपी लो झालं, सलाईन लावा'. पूर्वी मी या बोलण्याला वैतागायचो. आता कळतं की हे अगदी नेमकं वर्णन आहे. मन दुखलं असं म्हणायची मुभा ज्या घरात नसते, तिथे मान दुखते असं म्हणता येतं. सून दोन दिवस अंथरुणाला टेकू शकते ती कणकण असेल तरच. म्हणून मी शब्द दुरुस्त करत नाही, त्या शब्दांचा धागा धरून पुढे जातो. "छातीत धस्स होतं" म्हणाल्या की "केव्हा होतं? त्या वेळी तुम्ही काय करत होता? घरात कोण होतं?"

आणखी एक गोष्ट तपासणीच्या टेबलाशी शिकलो. माणूस खुर्चीत समोरासमोर बसून जे बोलत नाही, ते आडवा झाल्यावर, छताकडे बघत, पोटावर डॉक्टरचा हात असताना बोलतो. एक द्राक्ष बागायतदार आठ महिने पोटात आग होते म्हणून येत होता. वय 44. एंडोस्कोपी झाली होती, ॲसिडिटीची गोळी रोज चालू. त्या दिवशी मी नुसतंच सावकाश पोट तपासत होतो. बेंबीच्या वर हात आला तेव्हा पोट फळीसारखं कडक होतं, आणि दुखत मात्र नव्हतं. मी म्हटलं, "इथं फार धरून ठेवलंय तुम्ही." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फळछाटणी केली आन् पाऊस लागला. घड कुजले. सोसायटीचं हाय, ब्यांकेचं हाय, आन् दुकानदाराचं औषधाचं हाय." हात तसाच ठेवून मी विचारलं, "कधी जीव नकोसा होतो का?" त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

हा प्रश्न विचारला की डोक्यात तो विचार शिरतो, अशी भीती डॉक्टरांनाही वाटते. ती चुकीची आहे. विचारल्यानं माणसाला सुटल्यासारखं होतं. त्या दिवशी मी त्याच्या भावाला बोलावून घेतलं, घरातली फवारणीची सगळी औषधं त्याच संध्याकाळी भावाच्या घरी कुलपात गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करून सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. आज त्याची बाग उभी आहे. पोटाची गोळी बंद होऊन बरीच वर्षं झाली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तेव्हा नव्हता. ऑक्टोबर 2022 पासून आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माझ्या दवाखान्यात तो दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे.

पण याच भागात हेही सांगायला हवं की घाम, धडधड आणि घाबरं होणं हे प्रत्येक वेळी मनाकडूनच येतं असं नाही. फवारणी करून आलेल्या माणसाला घाम फुटलाय, तोंडाला लाळ सुटलीये, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर ती कीटकनाशकाची बाधा असते. तिथे गप्पा मारत बसलात तर माणूस जाईल.

मी स्वतः अशी चूक केली आहे. 58 वर्षांच्या एक बाई, मधुमेह बारा वर्षांचा. मुलीचा घटस्फोट चालू होता, मला सगळं घर माहीत. त्या घाबरतंय, थकवा आलाय, मळमळतंय म्हणून आल्या. मी अर्धा तास बोललो, त्यांचं ऐकलं, पाठीवर हात फिरवला आणि झोपेची गोळी दिली. ईसीजी काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना सांगलीला हलवावं लागलं, हार्ट अटॅक होता. मधुमेहात, आणि बायकांमध्ये विशेष करून, छातीत कळ न येता नुसता थकवा आणि मळमळ अशी त्याची सुरुवात होऊ शकते. मला हे ठाऊक होतं. घरातली गोष्ट इतकी चपखल बसली की मी हृदय तपासायचं विसरलो. त्या वाचल्या, अजून येतात माझ्याकडे. मन समजणारा डॉक्टर म्हणून ज्याचं नाव होतं, त्याला हा धोका जास्त असतो, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

त्यामुळे आईंच्या बाबतीतही मी शरीर सोडणार नाही. एवढ्या महागड्या तपासण्यांत थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-12 आणि साखर झाली का, ते फाइलमध्ये बघा. माझ्याकडे अशा फाइली येतात ज्यात एमआरआय असतो आणि हिमोग्लोबिन नसतं. वय 51 आहे, म्हणजे पाळी जाण्याचा काळ. त्या दिवसांत अचानक अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, धडधडतं, झोप मोडते. हे त्यांना कुणी विचारलंय का? मुलासमोर त्या सांगणार नाहीत. आणि साधा ईसीजी म्हणजे हृदयाची जेमतेम 10 सेकंदांची नोंद. धडधड जर बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, तर हृदयाच्या विजेचा एक दोष असू शकतो, आणि तो असलेल्या कित्येक बायका वर्षानुवर्षं 'घाबरट' म्हणवून घेतात. धडधड चालू असतानाच ईसीजी मिळाला पाहिजे, किंवा 24 तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावलं पाहिजे. हळूहळू चढून हळूहळू उतरणारी धडधड असेल तर भीतीकडे बोट जास्त जातं.

हे सगळं पाहून झालं, आणि घाबरण्याचेच झटके आहेत असं ठरलं, तर पुढचं काम समजावण्याचं. 'काही नाही' हा शब्द मी वापरत नाही. आमच्याकडे सगळ्यांना शेतावरची मोटार माहीत असते. मी विचारतो, "स्टार्टर सारखा ट्रिप होतो तेव्हा मोटार जळालेली असते का?" लोक हसून म्हणतात, "नाही हो, व्होल्टेज खालीवर होतंय." मग सांगतो की तुमची मोटार मी तपासली, ती चांगली आहे. स्टार्टर फार हळवा झालाय, जरा कुठे हललं की पाडतो. तो का हळवा झाला ते आपण शोधू, आणि तोवर तो पडला की परत कसा उचलायचा ते शिकू. हे कळलं की चेहरा बदलतो. त्यात त्यांना कुणी खोटं ठरवलेलं नसतं.

उचलायचं कसं, ते मी ओपीडीतच करून घेतो, सल्ला देऊन सोडत नाही. एक हात छातीवर, एक पोटावर. फक्त पोटावरचा हात हलला पाहिजे. नाकानं चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बाहेर सोडायचा श्वास लांबला की नाडी उतरते, पेशंटचं बोट त्याच्याच मनगटावर ठेवून मी ते दाखवतो. त्याला स्वतःच्या बोटाखाली नाडी मंद होताना लागते, त्याचा परिणाम माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त होतो. हे रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, बरं वाटत असताना करायचं. झटका आल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमत नाही. तोंडाला कागदी पिशवी लावायची जुनी पद्धत मात्र करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती धोक्याची ठरते.

दुसरं म्हणजे तारीख. 'त्रास झाला तर या' असं मी अशा पेशंटला सांगत नाही. त्यानं शरीर शिकतं की त्रास झाला तरच डॉक्टर भेटतो. मी दर दोन आठवड्यांची वेळ ठरवून देतो, बरं असलं तरी यायचं. पंधरा मिनिटं. दर वेळी थोडं तपासतो, थोडं बोलतो. दोन-तीन महिन्यांत रात्री-अपरात्रीचे फोन कमी होतात, आणि नवीन तपासण्यांची मागणीही. बीपी फक्त दवाखान्यात वाढत असेल तर घरी मोजायला देतो, पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. घरची सरासरी 135/85च्या खाली असेल तर गोळी सुरू करायची घाई करत नाही.

औषध लागतं तेव्हा देतो, त्यात कमीपणा नाही. पण अल्प्राझोलामसारखी झटपट शांत करणारी गोळी महिनोन् महिने घेऊ नका, तिची सवय लागते. आधीच बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. घबराटीवरच्या मुख्य गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता उलट वाढल्यासारखी वाटते. हे आधी सांगितलं नाही तर निम्मे पेशंट चौथ्या दिवशी गोळी टाकून देतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने घ्याव्या लागतात. माझ्या हातून सुधारत नसेल तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो आणि आवर्जून सांगतो की माझ्याकडचं येणं बंद करायचं नाही. 'मला वेड्यात काढून दुसरीकडे ढकललं' असं वाटलं की माणूस तिकडेही जात नाही आणि इकडेही येत नाही.

आता तुमचं एक वाक्य. "घरात तसं टेन्शनचं काही नाही." ते मी तीनदा वाचलं. पुढे तुम्हीच लिहिलंय की दरम्यान वडील रिटायर झाले, बहिणीचं लग्न झालं, तुम्ही पुण्याला गेलात. तुमच्या दृष्टीनं सगळं मार्गी लागलं. आईंच्या बाजूनं बघा. तीस वर्षं ज्या घरात सकाळी चार डबे भरले जात होते, तिथे आता एकही जात नाही. ज्या दुपारी त्यांच्या एकटीच्या होत्या, तिथे वडील दिवसभर समोर बसलेत. आणि ज्या मुलीशी त्या बोलायच्या, तिला फोन करताना आता तिच्या सासरची वेळ बघावी लागते. कदाचित यातलं काहीच कारण नसेल. मी त्यांना भेटलेलो नाही, आणि न भेटता निदान करणं मला पटत नाही. पण हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं, आणि 'टेन्शन घेऊ नकोस' हे मधे न आणता ऐकायला हवं.

पुढच्या वेळी एकाच डॉक्टरकडे जा, शक्यतो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या, आणि गर्दी नसते ती वेळ विचारून घ्या. गेल्या दोन झटक्यांची तारीख, वेळ, त्या वेळी त्या काय करत होत्या, हे एका कागदावर आईंच्याच हातानं लिहून न्या. फाइल तुम्ही धरा, बोलायचं आईंनी. वडिलांनाही सोबत न्या. आणि तपासून होईपर्यंत तुम्ही दोघं दहा मिनिटं बाहेर बाकावर बसा.